काचेवरचा लाल दोरा

आईच्या पाण्याच्या पिंपावर झाकण असायचं आणि झाकणावर एक वजन असायचं. मांजरानं झाकण सरकवू नये म्हणून ठेवलेलं. जुन्या लुगड्याची, गोधडीसारखे दाट टाके घातलेली पिशवी, आणि आत लोखंडाच्या पट्ट्या. आई गेली, जालन्याचं घर रिकामं करायचं ठरलं, आणि मी पुण्याहून गाडी घेऊन एकटीच आले. पलंग आणि कपाट दादानं आधीच मंठ्याला नेलं होतं, भांडी शेजारणींनी नेली. पिंप तेवढं मोरीत उभं होतं. मी सहज म्हणून पिशवी उचलायला गेले तर मनगट खाली ओढलं गेलं. ती इतकी जड असते हे मी विसरूनच गेले होते.

हे लोखंड बुडाखाली बांधून मी एकदा आकाशात गेले होते. शाळेत शिक्षकखोलीत हे सांगितलं तर बाया चहाचे कप खाली ठेवून माझ्याकडे बघत बसतील, आणि नंतर आठवडाभर मला पंख फुटले का म्हणून विचारतील. म्हणून मी सांगत नाही. सांगण्यासारखं दुसरं कुणी घरात नाही.

पिशवी हुंगून पाहिली. ओल, गंज, आणि त्याच्याखाली कुठेतरी आईच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या. मग मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले.

तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाला होता. माझे वडील, अण्णा, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होते आणि मी कॉलेजात. गावाबाहेर मुरुमाची एक लांब सपाट पट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दोन माणसं बसतील असं एक लाकडी ग्लायडर. इंजिन नाही, आवाज नाही. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकचं इंजिन बसवलेलं एक रहाट होतं. त्यावर तारेचा लांबलचक दोर गुंडाळला जायचा आणि पतंगाला ढील देऊन ओढतात तसं ग्लायडर वर ओढलं जायचं. पुरेशी उंची आली की तार सोडायची आणि मग आपण आणि वारा. क्लब म्हणायचे त्याला, पण आम्ही मोजके विद्यार्थी, एक शिकवणारे सर आणि रहाट चालवणारे किसनभाऊ. क्लब एवढाच.

हे सगळं हिवाळ्यात चालायचं. सकाळी सायकल मारत जायचं, नाक वाहायचं, बोटं आखडायची. शेजारच्या रानात कुणीतरी हुरडा भाजत असायचं. मोसंबीच्या बागा फुलल्या की तो वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. आणि गंमत अशी की तो वास वरही यायचा. जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि आपल्याबरोबर खालचे वास घेऊन येते. मोसंबीचा वास आला की समजायचं, हवा वर चाललीय, इथेच गोल फिर. कधी जिनिंगमधला कापूस तंतू तंतू होऊन वर येऊन काचेवरून सरकून जायचा. मिलच्या अंगाला जळक्या लोखंडाचा वास लागायचा, आणि मला वाटायचं, खाली अण्णा आहेत. त्यांना कुठे माहीत होतं मी त्यांच्या डोक्यावर फिरतेय. माहीत झालं असतं तर त्यांनी आधी जेवलीस का म्हणून विचारलं असतं.

त्या लाकडी ग्लायडरला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी थोराड, सावकाश, आणि कुणाच्याही चुका पोटात घालणारी. तिच्या आत व्हार्निशचा आणि उन्हात तापलेल्या कापडाचा वास असायचा. तिच्यात दोन माणसं एकमेकांशेजारी बसायची, टांग्यात पुढे बसतात तशी. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे सर. इनामदार सर जाडजूड होते, अण्णांपेक्षा वयानं मोठे. अंगात खाकी स्वेटर, गळ्यात हिवाळाभर एक लाल मफलर, मफलरला अत्तर आणि सुपारीचा वास. ते बसले की माझ्या वाट्याला जेमतेम अर्धीमुर्धी जागा उरायची आणि मी डाव्या बाजूला चेपून बसायची. आमच्या गल्लीत त्यावरही चर्चा झाली. आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एका पाटावर बसल्यासारखं बसता म्हनं." अण्णा तिकडून म्हणाले, "त्या मास्तरचं वय पाह्य आन् मंग बोल." तो विषय तिथे संपला.

सरांची शिकवायची एक रीत होती. जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. "तू काय पाहून राह्यली ते मला कळलं पाह्यजे, बेटा. मनातल्या मनात पाह्यलेलं मला काय दिसतंय?" म्हणून मी बोलायची. डावीकडे घार. समोर मिलची चिमणी. उजवीकडे रूळ, त्यावर मालगाडी. आणि प्रत्येकाला सर नुसतं म्हणायचे, "बराबर." जरा खर्जातला, सुपारी गालात धरलेला तो शब्द. चूक असली तर काहीच म्हणायचे नाहीत, गप्प राहायचे, आणि मग मी घाईघाईनं काय राहिलं ते शोधायची. त्यामुळे वरची माझी सगळी आठवण अशी आहे: मी काहीतरी म्हणतेय आणि उजव्या खांद्याजवळून कुणीतरी 'बराबर' म्हणतंय. तितकं लक्ष देऊन माझं बोलणं त्यानंतर कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

आणि तो दोरा. काचेच्या मधोमध बाहेरच्या बाजूनं सरांनी लोकरीचा एक वीतभर दोरा चिकटवला होता, स्वतःच्या मफलरमधून ओढून काढलेला. एक टोक चिकटवलेलं, दुसरं मोकळं. ग्लायडर नीट नाकासमोर चाललं असलं की दोरा सरळ मागे वाहतो. बाजूला घसरायला लागलं की दोरा तिरपा होतो. त्याच्याकडे बघायचं आणि पाय हलवून तो सरळ ठेवायचा. सगळी विद्या त्या दोऱ्याला टांगलेली होती.

मी मावशीत एकटीही उडाले. तेव्हा सरांच्या रिकाम्या जागेचे पट्टे घट्ट बांधून ठेवले होते, म्हणजे ते मध्येच लोंबकळू नयेत. मला काही भीती वाटली नाही. जागा तर होती ना शेजारी. मी आपली बोलत राहिले आणि मनातल्या मनात 'बराबर' ऐकत उतरले.

मग एका हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. मावशीचं लाकूड सांध्यात सुटू लागलं, आणि सरांच्या छातीत दुखू लागलं. आधी काय झालं ते आता नीट आठवत नाही. मावशीला शेडमध्ये कायमची टेकवून ठेवली आणि सरांना डॉक्टरांनी वर जायला बंदी केली. बाकीचे विद्यार्थी एकेक करून गळाले. त्याच सुमारास एका ट्रकवर, गवतात गुंडाळून, दुसऱ्या कुठल्याशा क्लबनं वापरून दिलेलं एक पांढरं ग्लायडर आलं. सडपातळ, गुळगुळीत, पंख लांब. बैठक एकच. किसनभाऊ त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पाहुणी आलीया जणू." तेच नाव पडलं.

पाहुणीवर कुणी उडणार असेल तर ती इथे राहणार, नाही तर उन्हाळ्याच्या आत परत जाणार, असं ठरलं होतं. ती गेली म्हणजे क्लब मिटला. क्लब मिटला म्हणजे सर सकाळी उठून कुठे जाणार होते? त्यांची बायको गेलेली, मुलगा हैदराबादला. पट्टीवर लोखंडी खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून, वर बघत बसणं एवढंच त्यांना उरलं होतं. आणि उडण्यासारखी उरले होते मी. सरांनी मला असं कधी सांगितलं नाही. ते नुसते मला पाहुणीपर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "बसून पाह्य."

दोघांच्या ग्लायडरमध्ये सर शेजारी बसून शिकवू शकतात. एकट्याच्या ग्लायडरमध्ये शिकवायला कुणी बसूच शकत नाही. पहिल्यांदा उडायचं तेच एकटीनं. म्हणून सर मला रोज सकाळी जमिनीवरच त्यात बसवायचे. किसनभाऊ पंख धरून उभे, सर काचेशी वाकलेले. मग ते गळ्यातला मफलर काढून माझ्या डोळ्यांना बांधायचे. "तार सोडायची मूठ?" मी चाचपून धरायची. "हवेला अडवायच्या फळ्या?" डावा हात. "बराबर. पुन्हा." अत्तर आणि सुपारीच्या त्या लाल अंधारात मी एक नवं घर हातांनी ओळखून घेत होते, आणि मनातून मला ते अजिबात नको होतं. मावशीत रिकामी का होईना, दुसरी जागा होती. इथे दोन्ही खांदे भिंतींना लागत होते. आतून मला रडू यायचं, पण मफलर ओला झाला तर सरांना कळेल म्हणून मी रडत नसे.

शेवटी अडलं ते वजनावर. पाहुणीच्या आत एक पाटी होती, बसणाऱ्याचं वजन अमक्याहून कमी नसावं अशी. मी तेव्हा काडी होते. नाक हलकं राहिलं तर ती बिथरेल, सर म्हणाले, वजन बांधावं लागेल. घरी मी हे फक्त बोलून गेले, जेवताना. अण्णा ताटातली भाकरी मोडत होते. म्हणाले, "किती कमी पडून राह्यलं, माय?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना सायकलच्या मागे लोखंडाच्या पट्ट्या बांधून आणल्या, बैठकीखालच्या खाचेत बसतील अशा बेतानं कापून. कडा कानशीनं घासलेल्या. आईनं जुनं लुगडं फाडलं आणि पट्ट्यांना पिशवी शिवली. चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या, घट्ट बांधायला. शेवटची गाठ मारून म्हणाली, "आता उडून जायची न्हाईस." तिला वाटलं लोखंड त्यासाठीच असतं.

ती सकाळ स्वच्छ होती. सरांनी मफलरमधून नवा दोरा ओढून पाहुणीच्या काचेवर चिकटवला. काच बंद करताना "बोलत राह्य," एवढंच म्हणाले.

पाहुणी वर गेली ती मावशीसारखी नव्हे. तारेचा हिसका बसला आणि जमीन एकदम पायांखालून निघाली. वर पोचून मी तार सोडली, आणि सगळं शांत झालं. मी म्हटलं, "डावीकडे घार."

आणि थांबले. खरंच थांबले मी, उत्तरासाठी. काचेवरून वारा जात होता तेवढाच. मी पुन्हा म्हटलं, "समोर मिलची चिमणी." माझा आवाज त्या बंद काचेत मला इतका परका वाटला, की वाटलं दुसरीच कुणी पोरगी बोलतेय आणि तिला ऐकायला कुणी नाही. इतकं एकटं मला आईच्या मातीनंतरही वाटलं नाही.

पाहुणी हलकी, तरंगणारी, असं सगळे म्हणत होते. माझ्या हातात ती दगडासारखी खाली चालली होती. मोसंबीचा वास एकदा आला नि निसटला. काचेशी वारा खसखसत होता, मावशीत तसा कधी वाजला नव्हता. माझा डावा खांदा भिंतीला दाबला जात होता. मला वाटलं जागाच अरुंद. दोरा तर जसा रोज दिसायचा तसाच दिसत होता. मी मिलच्या पलीकडे गेलेली, पट्टी दूर, आणि खालच्या ज्वारीची कणसं वेगवेगळी दिसू लागतील की काय असं वाटायला लागलं. पाहुणी इथेच रानात आदळली तर सगळंच संपलं, सरांची खुर्चीसुद्धा. मी हे मोठ्यानं बोलले. मग मोठ्यानं विचारलं, "सर, काय चुकलं?"

सर गप्प. चूक असली की ते गप्पच असायचे, म्हणून मी सवयीनं शोधू लागले. मी डावीकडे चेपून का बसलेय? इथे सर नाहीत. उजवीकडे माझ्या दंडाशी बोटभर मोकळी जागा होती. मी सरांना जागा करून देत होते.

मग मला दोरा कळला. मावशीत तो दोघांच्या मध्ये असायचा आणि मी त्याला डावीकडून, तिरकं बघायची. तो सरळ असला तरी मला नेहमी त्याचं शेपूट जरा उजवीकडे, सरांच्या बाजूला झुकलेलं दिसायचं. तेच माझ्या डोळ्यांना सरळ झालं होतं. इथे दोरा माझ्या नाकासमोर होता आणि तरीही मी त्याला तसाच, सरांकडे झुकलेला ठेवून, बाजूबाजूनं घसरत चालले होते.

मी कमरेचे पट्टे बांधलेलेच ठेवून सरकून मधोमध बसले. पाय हलवला. दोरा सरळ झाला, आणि वाऱ्याची खसखस एकदम थांबली. पाहुणी अशी तरंगली की ती माझ्याच हातात आहे असं वाटेना. मिलवरून येताना जळक्या लोखंडाच्या वासानं तिला हलकेच वर उचललं. पट्टीच्या अगदी अलीकडच्या टोकाला, मुरूम सुरू होतो तिथे, मी टेकले. खाली बांधलेलं लोखंड जरासुद्धा हललं नव्हतं.

सर खुर्चीवरून उठून सावकाश चालत आले. काच उघडली आणि म्हणाले, "बराबर."

मी म्हटलं, "सर, दोरा तिरपाच मला सरळ दिसत होता. तुमच्याकडे झुकलेला."

ते मग हसले, छातीला हात लावून, जपून. "मला तुझ्याकडं झुकलेला दिसायचा, बेटा. आपण दोघं बी त्याला सरळच म्हणून राह्यल्तो." आणि दुसरीकडे बघत, "हे मी आधी सांगायला पाह्यजे व्हतं."

नंतर शेडमागे चहा पिताना किसनभाऊंनी मला हळूच सांगितलं. "तुमी मिलच्या अंगाला गेल्ता ना ताई, तवा सर भलतीकडं तोंड करून बसल्ते. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या आभाळात पांढरी पाहुणी, त्यांना काय दिसती? वर एक घार फिरून राह्यल्ती. तिच्याकडं पाहून एकलेच म्हणून राह्यले, बराबर, बराबर. म्या सांगणार व्हतो. मंग म्हन्लं राहू द्या."

पाहुणी तो हिवाळा राहिली आणि पुढचाही. सर रोज खुर्ची टाकून बसत. मग मला पुण्यात नोकरी लागली आणि मी गेले. सर गेल्याचं पत्र आईनं पाठवलं, त्यात मोसंबीचा भाव आणि दादाच्या पोराचं बारसं यांच्या मध्ये ते एक वाक्य होतं. पाहुणी कुठे गेली कुणास ठाऊक. लोखंड अण्णांनी घरी आणून ठेवलं, आणि अण्णांच्या पश्चात ते पिंपावर गेलं.

संध्याकाळी कुलूप लावून मी पट्टीकडे गाडी घातली. मुरुमात बाभळी उगवल्यात, शेडच्या जागी कुणाचंतरी बियाण्याचं गोदाम आहे. चिमणी मात्र आहे. आता मी त्या पाटीवरच्या वजनाहून पुष्कळच पुढे गेलेय, लोखंडाची गरज नाही. तरी ती पिशवी टाकवली नाही. शेजारच्या सीटवर ठेवली होती, पण पहिल्याच खड्ड्यात ती घसरली, म्हणून गाडी थांबवून तिला सीटचा पट्टा बांधला. आईच्या नाड्या अजून शाबूत आहेत.

गाडी चालवताना मी मोठ्यानं बोलते. कधीपासूनची सवय आहे. सहकारी बाया एकदोनदा गाडीत बसल्या तेव्हा हसल्या, मग मी कुणाला बसवणंच कमी केलं. औरंगाबादच्या रस्त्याला लागता लागता अंधारून येत होतं. मी म्हटलं, "समोर टेम्पो, मागचा दिवा नाही." आणि नेहमीसारखी जराशी थांबले.

डावीकडे, मावशीत जिथे मी बसायची तिथे, लोखंड बांधलेलं होतं. मी उजवीकडे होते. इतकी वर्षं गाडी चालवतेय आणि आपण कुणाच्या जागेवर बसलोय हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी त्या सीटकडे पाहिलं नाही. रस्त्यावर नजर ठेवून, जरा खर्जात, म्हटलं, "बराबर."